जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा सकाळचा स्टार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या तीन किका नुसत्या फुस्स, चौथीला एक बार, सहावीला गाडी चालू, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दोनदा बंद. दुपारी मात्र तीच गाडी अर्ध्या किकला उठते. जुन्या बुलेटवाल्यांची ही तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे, आणि तिच्यावरचा उपायही वर्षानुवर्षं तोच होत आलाय: कार्बोरेटर उघडायचा. माझं स्पष्ट मत आहे की कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावावा. थंड इंजिनाचा दोष बहुतेक वेळा ठिणगीत नाहीतर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या यंत्रणेतल्या गॅपमध्ये) असतो, आणि ते दोन्ही घरच्या घरी तपासता येतात.

हे सगळं नेमकं कोणत्या इंजिनाला लागू पडतं?

कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) ब्लॉकच्या रॉयल एनफिल्ड बुलेटला. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली आणि २०१० च्या सुमारास बंद झालेली ही गाडी. ३५० चं बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. ५०० चं बोअर ८४, स्ट्रोक तेवढाच. पुशरॉड (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्या), दोन व्हॉल्व्ह, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर), मिककार्ब कार्बोरेटर आणि हवेवर थंड होणारं इंजिन. त्यानंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाचे टॅपेट हायड्रॉलिक आणि इग्निशन इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे पॉइंट, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि टॅपेटचे आकडे तिथे वापरू नका. येझदी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना ठिणगी आणि हवाचोरीपुरतं (सांध्यांतून आत शिरणाऱ्या जादा हवेपुरतं) यातलं बरंच चालेल, टॅपेटचं अर्थातच नाही.

थंड असताना थोडं अडखळणं साहजिक नाही का?

थोडं साहजिक आहे. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. आलेल्या पेट्रोलपैकी बराचसा भाग इनलेटच्या भिंतींना थेंबांच्या रूपात चिकटून राहतो. ठिणगीपाशी पोचतं ते मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असतं, म्हणून जादा पेट्रोल देणारा चोक. शिवाय ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि लोखंडी ब्लॉक यांच्यातला गॅप थंड असताना जास्त असतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं पिस्टनची टकटक ऐकू येते. ती गाडी तापली की गेली पाहिजे.

नीट लागलेली ३५० बुलेट आपल्याकडच्या हवेत चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठावी, मिनिटभर चोकवर आणि नंतर चोकशिवाय स्लोवर (मूठ सोडलेल्या मंद वेगावर) उभी राहावी. याहून जास्त त्रास असेल तर 'जुनी गाडी आहे, चालायचंच' असं म्हणून सोडून देऊ नका. या इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) जेमतेम ६.५ आहे. ते उठायला मुळात सोपं आहे.

माझी किक मारण्याची पद्धतच चुकत असेल का?

पहिली शंका तीच घ्या, कारण ती तपासायला पान्हासुद्धा लागत नाही.

आधी क्लच दाबून दोन-तीन किका सावकाश मारा. रात्रभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा तेलाने चिकटलेल्या असतात, त्या मोकळ्या होतात. पेट्रोल कॉक उघडा, चोक लावा, चावी फिरवा आणि हेडलाइट बंद ठेवून अ‍ॅमीटरकडे बघा. पॉइंट मिटलेले असतील तर करंट दाखवणारा त्याचा काटा डिस्चार्जकडे झुकलेला असेल. आता किक हाताने दाबल्यासारखी हळूहळू खाली न्या. एका जागी जोर लागेल आणि काटा मध्यावर येईल. पॉइंट उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आला. इथे डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबा, किक किंचित पुढे ढकला, डिकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. मग एकच लांब, पूर्ण किक. धसमुसळेपणाचा काही उपयोग नाही.

चावी चालू करून गप्पा मारत उभे राहू नका. पॉइंट मिटलेले असतील तर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून सतत करंट जातो, बॅटरी उतरते आणि कॉइल तापते.

ॲक्सिलरेटरचं काय? मिककार्बचा चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नव्हे. तो जादा पेट्रोल सोडणारा वेगळा मार्ग आहे, आणि थ्रॉटल बंद असताना तयार होणाऱ्या ओढीवर तो चालतो. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि चोक लावूनही न लावल्यासारखा होतो. 'चोक लावला तरी उठत नाही' म्हणणाऱ्यांपैकी अनेकजण किकबरोबर मूठ पिळत असतात. चोक असताना मूठ सोडून द्या. टिकलर (कार्बोरेटरमध्ये जादा पेट्रोल भरणारं बटण) असलेला जुना अमाल धाटणीचा कार्बोरेटर असेल तर मात्र टिकलर पेट्रोलने ओला होईपर्यंत दाबायचा आणि मूठ अगदी किंचित उघडायची.

तपासणी कुठून सुरू करू?

वहीपासून. याला कारण आहे. थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. लोखंडी ब्लॉक एकदा तापला की पूर्ण थंड व्हायला कितीतरी तास लागतात, त्यामुळे सकाळचा पहिला स्टार्ट म्हणजे त्या दिवसाची एकुलती एक चाचणी. त्या दिवशी प्लग, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) आणि टायमिंग तिन्ही बदललंत, तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळणार नाही, आणि बिघडली तर तीन ठिकाणी शोधावं लागेल. एका सकाळी एकच बदल.

वहीत एवढं लिहा: कितव्या किकला पहिला बार झाला, कितव्याला चालू झाली, चोक काढल्यावर काय झालं, धुराचा रंग, रात्री पाऊस किंवा दव होतं का, गाडी किती दिवस उभी होती. आठवडाभराच्या नोंदीत दोष बहुधा आपणच पुढे येतो.

क्रम असा ठेवा: बॅटरी, प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट, हवाचोरी, आणि शेवटी कार्बोरेटर.

न उठणाऱ्या गाडीचा प्लग काढला. त्यावरून काय समजायचं?

पाच-सहा किका मारून लगेच काढा. कोरडाठाक असेल तर पेट्रोल पोचतच नाही: कॉक, टाकीतली जाळी, फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी), चोकचा मार्ग. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, किंवा नको इतकं पोचतंय. काळी, कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे मिश्रण जाड. काळा, चकचकीत, तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा. फिकट बिस्किटी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. पण हा रंग नेहमीच्या रस्त्यावर गाडी पळवून आल्यावरच खरा. दोन मिनिटं चोकवर चाललेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार.

गॅप ०.५ ते ०.६ मिलिमीटर ठेवा. पॉइंटच्या इग्निशनला याहून मोठा गॅप थंडीत जड जातो.

प्लग बाहेर काढून बघितला, ठिणगी येते. म्हणजे इग्निशन ठीक ना?

नाही. इथेच बहुतेकांची वाट चुकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उघड्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त लागतं, आणि इंजिन थंड, प्लग ओलसर असेल तर आणखी जास्त. त्यामुळे बाहेर दिसणारी ठिणगी आत पडतेच असं नाही. दिसते कशी ते बघा: निळसर पांढरी, जाडसर आणि 'टक्' असा आवाज करणारी हवी. बारीक नारिंगी ठिणगी म्हणजे थंड गाडीला उपाशी ठेवण्यासारखं आहे. आणि हे बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब, हेडच्या पात्यांना टेकवून धरा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

कमजोर ठिणगीची कारणं मी या क्रमाने शोधतो.

बॅटरी. १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर विसावल्यावर १२.६ दाखवायला हवी. १२.२ ला ती अर्धी उतरलेली असते. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांत साधारण ६.३ हवं, आणि तिथे तर थोड्याशा उताराचाही ठिणगीवर लगेच परिणाम होतो. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा साका आणि अर्थिंगचा गंजलेला बोल्ट आधी साफ करा.

पॉइंट. उजव्या बाजूच्या डबीचं झाकण उघडा. दोन्ही तोंडं राखाडी, सपाट आणि स्वच्छ हवीत. एकावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा असेल तर बदला. नुसते मळले असतील तर पेट्रोलने पुसून, कोरडा साधा कागद दोन तोंडांत धरून ओढून घ्या. नव्या पॉइंटवरही साठवणीसाठी तेलकट थर असतो, तो पुसल्याशिवाय बसवू नका. पूर्ण उघडल्यावर गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी), अंदाजाने नाही.

मल्टीमीटर असेल तर एक सुंदर चाचणी आहे. पॉइंट मिटलेले, चावी चालू, मीटरच्या दोन टोकांपैकी एक हलणाऱ्या पॉइंटच्या पट्टीवर आणि दुसरं इंजिनच्या अर्थवर. रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर तेवढं व्होल्टेज कॉइलला मिळतच नाही, ते मळलेल्या पॉइंटवर किंवा खराब अर्थिंगवर वाया जातंय.

कंडेन्सर. इंजिन चालू असताना पॉइंटच्या मधोमध मोठ्या, लख्ख ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेलाय किंवा जातोय. त्याची क्षमता ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते, पण घरी ती मोजत बसण्यापेक्षा चांगला माहीत असलेला दुसरा लावून बघणं जलद. कंडेन्सर थंडीतही दगा देतो आणि गरम झाल्यावरही. गरम झाल्यावरच गाडी बंद पडत असेल तर कॉइल आणि कंडेन्सर दोघांवर संशय घ्या.

शेवटी प्लगची कॅप आणि वायर. कॅपमध्ये रेझिस्टर असेल तर बहुधा ५ किलोओम दाखवेल. मीटर फारच जास्त किंवा काहीच दाखवत नसेल तर कॅप टाकून द्या. पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूसाठी लोक अख्खा कार्बोरेटर बदलतात, हे बघून वाईट वाटतं.

टायमिंग घरी बघता येतं का? आणि किक उलटी मारते ती यामुळेच का?

बघता येतं. आधी पॉइंटचा गॅप लावा, मग टायमिंग. क्रम उलटा केलात तर मेहनत फुकट, कारण गॅप वाढवला की टायमिंग पुढे सरकतं आणि कमी केला की मागे. पॉइंटची टाच झिजून गॅप बारीक होत जातो, म्हणून हात न लावलेल्या गाडीचं टायमिंग हळूहळू मागे पडतं. ३५० ला, ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन टोकाला पोचायच्या साधारण ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला सुरुवात व्हावी. उघडण्याचा क्षण पकडायला छोटा टेस्ट लॅम्प उत्तम. जुने मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरत आणि तो सुटतो तो क्षण पकडत. तीही पद्धत चोख आहे. पिस्टनची जागा मोजताना मात्र जपा: प्लगचं भोक तिरकं असल्यामुळे काडी घालून घेतलेलं माप फसवं निघतं.

किक उलटी मारत असेल तर पॉइंटच्या प्लेटखालची ॲडव्हान्सची वजनं बघा. ती गंजून उघड्या जागीच अडकली किंवा स्प्रिंग ढिल्या पडल्या, तर किकच्या मंद वेगातही ठिणगी फार लवकर पडते. घोट्याला जबर मार बसू शकतो. असं एकदा जरी झालं तरी पुढची किक मारण्याआधी डबी उघडा.

टॅपेट किती ठेवायचा?

शून्य. पण शून्य म्हणजे आवळून नव्हे. गाडी रात्रभर उभी असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, उजवीकडचं टॅपेटचं झाकण उघडा. पुशरॉड दोन बोटांनी सहज गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. दोन्ही पुशरॉडची हीच कसोटी. डिकॉम्प्रेसरची केबल त्या वेळी सैल आहे याची खात्री करा. लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, कारण आवळताना माप सरकतं. जवळजवळ दर वेळी सरकतं.

थंड स्टार्टशी याचा संबंध फार जवळचा आहे. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. इंजिन चालू झाल्यावर सगळ्यात आधी तापते आणि लांबते ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी. लोखंडी ब्लॉक त्या मानाने सावकाश तापतो. म्हणून पहिल्या एक-दोन मिनिटांत गॅप आणखी कमी होतो, कॉम्प्रेशन गळतं आणि चालू झालेली गाडी स्लोवर मरते. मालक समजतो चोकचा दोष. गरम इंजिनावर टॅपेट लावून दिलेली गाडी सकाळी छळते, तेही याच कारणाने. तुमचा मेकॅनिक गाडी पोचताच टॅपेट लावत असेल तर नम्रपणे सांगा की गाडी रात्रभर इथेच ठेवतो, सकाळी लावा.

टॅपेट सैल असेल तर खडखड ऐकू येते, पण स्टार्टला फारसा त्रास होत नाही. आवाज नको म्हणून टॅपेट आवळणं हा या इंजिनावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

चोकवर चालू होते, चोक काढला की बंद. का?

स्लोचं मिश्रण पातळ आहे. पायलट जेट (स्लोवर पेट्रोल देणारं) कचऱ्याने किंवा सुकलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने तुंबलंय, एअर स्क्रू जास्त उघडलाय, किंवा कुठून तरी हवा चोरली जातेय. हवाचोरी आधी तपासा, कारण तुंबलेलं जेट साफ करूनही ती राहिली तर तुम्ही पुन्हा तिथेच याल. मिककार्बचा एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण जाड होतं, बाहेर काढला की पातळ. साधारण दीड ते दोन फेरे उघडा ही सुरुवात. जेट साफ करताना तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

हवाचोरी कशी शोधायची?

गाडी कशीबशी स्लोवर ठेवा आणि कार्बोरेटर जिथे हेडला जोडलाय त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा आत जातेय. पेट्रोल शिंपडून बघण्याची पद्धत काही गॅरेजमध्ये अजून चालते. ती करू नका, आग लागायला सायलेन्सर हातभर अंतरावर आहे. मधला फायबरचा तुकडा, गास्केट आणि ओ-रिंग बदलायच्या गोष्टी आहेत. कार्बोरेटरचे दोन नट प्रमाणाबाहेर आवळले की त्याचा कान (नट बसतात तो सपाट भाग) वाकतो आणि नवी गास्केटही हवा सोडत राहते. काचेवर ठेवून तो सपाट आहे का बघा.

माझी गाडी चोक न लावताच उठते, लावला तर प्लग ओला होतो. चांगलंच आहे ना?

नाही, मिश्रण कायमचं जाड आहे. चोकच्या प्लंजरच्या टोकाला रबर असतं, ते कडक झालं की मार्ग पूर्ण बंद होत नाही आणि अर्धा चोक सतत चालू राहतो. किंवा फ्लोटची सुई झिजलीय, रात्रभर पेट्रोल झिरपतंय. साइड स्टँडवर कॉक उघडा ठेवून उभ्या गाडीत हे जास्त. सकाळी कार्बोरेटरखाली वास किंवा ओल आहे का बघा. कॉक बंद करायची सवय ही इथली निम्मी दुरुस्ती आहे.

थंड असताना कार्बोरेटरमधून शिंकते, नाहीतर सायलेन्सरमध्ये बार होतात.

कार्बोरेटरमधली शिंक बहुधा पातळ मिश्रणाची: चोक कमी, हवाचोरी, पायलट तुंबलेलं. तेवढ्यावर थांबली नाही तर इनलेटचा टॅपेट आणि टायमिंग बघा. सायलेन्सरमधले बार म्हणजे न जळलेलं मिश्रण तिथे पोचून पेटतंय. अधूनमधून चुकणारी ठिणगी हे पहिलं कारण, मागे पडलेलं टायमिंग दुसरं, हेडला जिथे सायलेन्सरचा पाइप बसतो तिथली गळती तिसरं.

ई-२० पेट्रोल आल्यापासून सकाळी जास्त त्रास होतो. भास आहे की खरं?

खरं आहे, आणि कारणही सरळ आहे. २०२२ मध्ये देशभरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे ई-२० ला साधारण १३.५ पुरते. जेट तेच राहिलं तर मिश्रण आपोआप पातळ झालं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि थंड इंजिनाकडे ती नसते.

आधी एअर स्क्रू पाव ते अर्धा फेरा आत घेऊन बघा. भागलं नाही तर पायलट जेट एक नंबर मोठं. जुने रबरी पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, ते इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि सकाळी कार्बोरेटरला पहिला घोट त्याचाच मिळतो. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.

महिनाभर उभी होती. किक जड लागते आणि सुरू झाल्यावर निळा धूर.

ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये उतरलंय. या इंजिनाची ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतीवात आहे, आणि पंप झिजलेला असेल तर उभ्या गाडीत तेल हळूहळू आत झिरपतं. म्हणून डिपस्टिक कोरडी दिसते. तिच्यावर विश्वास ठेवून वरून ऑइल ओतू नका, गाडी चालू झाली की ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) सगळीकडे उडेल. इंजिनाखालच्या ड्रेन प्लगमधून साचलेलं तेल काढा आणि स्वच्छ असेल तर टाकीत परत घाला. धूर दोन-तीन मिनिटांत थांबला तर काळजी नाही. रोज सकाळी येत असेल आणि नंतर विरत असेल तर व्हॉल्व्ह गाइड बघा.

वाटीतल्या जुन्या पेट्रोलमधले हलके, सहज पेटणारे घटक उडून गेलेले असतात. उभ्या गाडीला पहिली किक मारण्याआधी वाटी रिकामी करून ताजं पेट्रोल येऊ द्या.

पावसाळ्यात आणि कोकणात वेगळं काय बघायचं?

ओल. अंधारात गाडी चालू ठेवून प्लगची वायर आणि कॅप बघा. निळसर रेघा नाचताना दिसल्या तर ठिणगी बाहेरच गळतेय. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पॉइंटवर चार दिवसांत पातळ थर धरतो. डबीच्या झाकणाची गास्केट नीट ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी गाडी चालवा. दोन मिनिटं जागेवर चालू करून बंद केल्याने ओल वाढते, कारण जळण्यातून तयार झालेलं पाणी बाहेर पडायच्या आत इंजिन पुन्हा थंड होतं.

निफाडच्या थंडीत आणि महाबळेश्वरच्या थंडीत गाडी वेगळी वागते, असं का?

हिवाळ्यात निफाडचा पारा ५ अंशांखाली जातो. ३० अंशांच्या तुलनेत ती हवा सुमारे ९ टक्क्यांनी दाट असते, म्हणजे मिश्रण पातळ पडतं आणि चोक जास्त वेळ हवा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे उंचीमुळे हवा विरळ होते आणि मिश्रण जाड होतं. थंडी एकीकडे ओढते, उंची दुसरीकडे. म्हणून तिथे चोक लावा, पण लवकर काढा.

कॉम्प्रेशन गेलंय हे कसं ओळखू?

डिकॉम्प्रेसर न दाबता किकवर उभे राहा. चांगलं इंजिन तुमचं वजन क्षणभर तोलतं आणि मग सावकाश बसतं. सरळ खाली गेलं तर आधी स्वस्त कारणं: टॅपेट घट्ट, डिकॉम्प्रेसर गळका. काही गाड्यांत हेडमध्ये आट्यांनी बसवलेला छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या सीटवर कार्बन अडकतो. काहींत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच उचलला जातो, तिथे केबल ताणलेली असली की तो सतत किंचित उघडा राहतो. हे दोन्ही ठीक असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा बघा. जोर वाढला तर रिंग-पिस्टन, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

किती वेळ जागेवर गरम करायची?

एक-दीड मिनिट. रॉकरपर्यंत तेल पोचू द्या, मग हलक्या मुठीने निघा. रेस करून गरम करणं वाईट, आणि दहा मिनिटं स्लोवर ठेवणंही वाईट. वारा लागल्याशिवाय हे इंजिन एकसारखं तापत नाही.

किकने नाही, पण धक्क्याने लगेच सुरू होते.

किक मारताना क्लच घसरतोय का बघा, कारण या गाडीची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. क्लच केबलला थोडा मोकळेपणा हवा. क्लच ठीक असेल तर किकच्या मंद वेगात ठिणगी पुरत नाही, म्हणजे पुन्हा बॅटरी आणि पॉइंट.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का?

रोज कामावर नेत असाल तर बसवा, सकाळचा त्रास खरोखर कमी होतो. पण आधी टॅपेट, हवाचोरी आणि बॅटरी निस्तरून घ्या, नाहीतर पैसे घालूनही गाडी तशीच राहील. मी स्वतः पॉइंटच्या बाजूचा आहे. ताम्हिणी घाटात अडकलो तरी कागदाच्या तुकड्याने आणि पान्ह्याने ते दुरुस्त होतात. जुने काढलेले पॉइंट, प्लेट आणि ॲडव्हान्स युनिट मात्र फेकू नका, तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवा.

मेकॅनिकला काय सांगू?

'कार्बोरेटर साफ करा' असं सांगू नका. वहीतली नोंद वाचून दाखवा: अमुक किकला बार, तमुक किकला चालू, चोक काढल्यावर इतक्या सेकंदांत बंद, प्लग ओला किंवा कोरडा. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळी पहिल्या किकच्या वेळी स्वतः हजर राहा. काढलेले सुटे भाग परत मागा. कंडेन्सर आणि पॉइंट नवे बसवले असतील तर चालणारा जुना जोड टूलबॉक्समध्ये ठेवून द्या, कारण बाजारात नवा कंडेन्सरही कधीकधी पहिल्याच आठवड्यात जातो.